खातरजमा हे नागरिकाचे काम

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, ऐन आठवडे बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगावात अशाच संशयावरून लहान मुलासह पाच जणांना जमावाने घेरले. तिथे एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आसरा दिला, पोलिसांनी जमावाला तोंड देत त्यांना बाहेर काढले आणि पाचही जीव वाचले. अफवा दोन्हीकडे पोहोचली होती. मालेगावात ती न मानणारा एक माणूस वेळेवर पुढे आला.

त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीची होती. तिचा शेवट कापून ती खऱ्या अपहरणाची म्हणून पुढे ढकलली गेली. तेव्हा व्हॉट्सॲपने एक संदेश पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठवण्यावर मर्यादा आणली. पण पुढे पाठवायचे की नाही, हे अखेर माणूसच ठरवतो.

हा प्रश्न केवळ अल्पशिक्षितांचा मानणे चूक आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये कांद्याची निर्यातबंदी उठल्याच्या बातम्या झळकल्या. लासलगावात 17 तारखेला क्विंटलला 1280 रुपये असलेला सर्वसाधारण भाव 19 तारखेला 1800 वर गेला. अधिसूचना मात्र निघालेलीच नव्हती. बंदी 31 मार्चपर्यंत कायम असल्याचा खुलासा केंद्राला करावा लागला. अशा बातमीवर विसंबून माल रोखून धरणारा शेतकरी आणि चढ्या दराने खरेदी करणारा व्यापारी, दोघेही अडचणीत येतात. म्हणून ‘मूळ कागद कुठे आहे?’ हा प्रश्न बाजार समितीत जितका मोलाचा, तितकाच ग्रामसभेत आणि मतदानाआधीही मोलाचा आहे. खोट्या माहितीवर दिलेले मत मतदाराचे राहत नाही. ती माहिती पेरणाऱ्याचे होते.

हे शिकवता येते. केरळच्या कन्नूर जिल्ह्याने 2018 मध्येच सुमारे 150 सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखण्याचे धडे सुरू केले. नाशिकला तर त्याची निकड अधिक आहे. 2003 च्या सिंहस्थातील चेंगराचेंगरीत 39 भाविकांचे प्राण गेले. तशा गर्दीत घाट बंद झाल्याचा किंवा पूल कोसळल्याचा एक खोटा निरोपही जीवघेणा ठरू शकतो. 2026-27 च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि घाट बांधताना प्रशासनाने विश्वासार्ह माहितीची एकच ठरलेली जागा लोकांना आधीपासून सांगावी. जिल्हा परिषद व महापालिकेच्या शाळांत एखादा संदेश कोणी, कधी, कशाच्या आधारे दिला, हे तपासण्याचा सराव व्हावा. वृत्तपत्रांनीही चुकीची बातमी ज्या पानावर छापली, त्याच पानावर दुरुस्ती छापावी. राईनपाड्यानंतर कायदा आणि पोलिसांची चर्चा पुष्कळ झाली. जमाव जमण्याआधी हातातला संदेश थांबवणारे नागरिक घडवणे, हे काम अजून बाकी आहे.