भाजीपाला : प्रथम घरास, मग बाजारास

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी घटकाभर उभे राहिले असता दोन प्रकारचे शेतकरी दृष्टीस पडतात. एक, ज्यांच्या नावावर पाच-दहा एकर चांगली काळी जमीन असून जे मेथीची जुडी आणि पावशेर भेंडी पैसे मोजून विकत घेतात. दुसरे, जे स्वतःच्या मळ्यातील कोवळा माल पहाटे खुडून बाजारात आणतात, आणि ज्यांच्या घरी वाकडे वांगे, निबर भेंडी व बाजारातून उरून आलेला सुकलेला पाला शिजतो. पहिल्याने कापूस व सोयाबीन यांच्यापायी भाजीचा वाफाच मोडला. दुसऱ्याने वाफा राखला, परंतु घरास वगळले. दोघांच्याही ताटात ताजी भाजी क्वचितच पडते. शेती करणाऱ्याच्या घरी ही स्थिती असावी, हे आमच्या मते आपल्या शेतीपद्धतीतील मोठे वैगुण्य आहे. आणि त्याचा निकाल लावणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.

हा प्रश्न केवळ जिभेच्या चवीचा असता तर त्यासाठी या मासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आहे. आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत हेच प्रमाण शेकडा ६९ च्या आसपास आहे. त्यापूर्वीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे ४८ व ५४ असे होते. म्हणजे धान्य, दूध, रस्ते, वीज यांची वाढ होत असता रक्ताची मात्र घटच झाली. खुरपणीच्या वेळी दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येऊन बांधावर बसणारी बाई प्रत्येक गावात आहे. आपण त्यास ‘उन्हाचा त्रास’ म्हणतो आणि विसरून जातो.

या विषयाचा शोध आपल्याच प्रांताच्या राजधानीत लागला, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. गिरणीत काम करणाऱ्या व गरीब वस्तीत राहणाऱ्या गरोदर स्त्रियांस जडणारा एक प्रकारचा पांडुरोग तपासणे हे तिचे काम होते. तिने या स्त्रियांचे राहणे व खाणे बारकाईने पाहिले, आणि रोग जंतूंमुळे नसून आहारातील उणिवेमुळे होतो, असा निष्कर्ष काढला. १९३१ साली तिने प्रसिद्ध केले की, यीस्टचा अर्क दिल्याने या स्त्रियांचे रक्त सुधारते. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे तेव्हा कळले नव्हते. पुढे १९४१ साली अमेरिकेतील टेक्सास येथे शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालकाच्या पाल्यातून एक द्रव्य वेगळे काढले, आणि लॅटिन भाषेतील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्यास फोलिक आम्ल असे नाव दिले. विल्सबाईंनी ज्याचा माग काढला होता, ते हेच द्रव्य होय. आज गरोदर स्त्रीस सरकारी दवाखान्यातून लोहाबरोबर जी गोळी मिळते, तीत हेच असते. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या त्या गिरणीकामगार स्त्रीस पालक पेरण्यापुरतीही माती नव्हती. गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांत राहणाऱ्या आपणांस ती सबब सांगता येणार नाही.

हिरव्या पाल्यात फोलिक आम्लाखेरीज आणखीही पुष्कळ आहे. शेवग्याच्या पाल्यात वजनास वजन धरले तर गाजरापेक्षा अधिक कॅरोटीन आणि दुधापेक्षा अधिक कॅल्शियम असते. या कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले की मुलांस रातांधळेपणा येतो. ‘क’ जीवनसत्त्वासाठी परदेशी फळांच्या मागे लागण्याचे कारण नाही. प्रौढ पुरुषास रोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम ‘क’ पुरते, आणि शंभर ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. आवळाही याच पंक्तीतला. संत्र्यात ते पेरूच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नाही. शिवाय भाजीतील चोथा कोठा साफ राखतो, व तिच्यातील पोटॅशियम रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास साह्य करते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत प्रौढ माणसास रोज ४०० ग्रॅम भाजीपाला व १०० ग्रॅम फळे असावीत, असे सांगितले आहे. आपल्या घरच्या ताटाशी हा आकडा ताडून पाहावा, म्हणजे उणीव किती ते कळेल.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. पालेभाजी खाल्ली की पांडुरोग हटला, असे जे सर्रास सांगितले जाते, ते अतिशयोक्तीचे आहे. स्त्रीस रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. पाल्यातील व धान्यातील लोहाचा थोडाच अंश अंगी लागतो, आणि पालकातील ऑक्झॅलिक आम्ल तर त्यास अडवून धरते. पण त्याच जेवणात लिंबू, पेरू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो असला, तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. उलटपक्षी जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी होते. येथील कृषी विद्यापीठाने व इक्रिसॅट संस्थेने मिळून २०१८ साली ‘परभणी शक्ती’ ही लोह व जस्त अधिक असलेली ज्वारी दिली आहे. तिच्या भाकरीसंगती लिंबू पिळलेली हिरवी भाजी असेल, तर त्या ज्वारीचे चीज होईल. तथापि ज्या स्त्रीचे रक्त फार उतरले आहे, तिने तपासणी करून घ्यावी व डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्यात. तसेच ब-१२ हे रक्तास लागणारे जीवनसत्त्व भाजीत नसते. त्यासाठी दूध, दही, अंडी यांचाच आश्रय केला पाहिजे.

पूर्वी भाजीसाठी वेगळी तजवीज करावी लागत नसे. निंदणीस गेलेली बाई घरी येताना पदरात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू घेऊन येई. रब्बीत करडईचा कोवळा पाला व हरभऱ्याचे शेंडे असत. हरभऱ्याचे शेंडे खुडल्याने फांद्या अधिक फुटतात, म्हणजे भाजी आणि पीक दोन्ही साधत. आता निंदणीची जागा तणनाशकाने घेतली. तणाबरोबर ही फुकटची भाजी गेली, आणि जी थोडी उगवते ती फवारलेल्या रानातील असल्यामुळे खाऊ नये हेच बरे. तणनाशकाने मजुरी वाचते, हे आम्हांस मान्य आहे. मात्र त्या बचतीच्या हिशेबात घरातून गेलेल्या भाजीची किंमत कोणी धरीत नाही.

यावर तीन आक्षेप निघतात. पहिला पाण्याचा. उन्हाळ्यात पिण्यास पाणी नसता भाजीस कोठून आणावे, हे म्हणणे खोटे नाही. परंतु न्हाणीचे व भांडी धुण्याचे पाणी दारासमोर डबके करून सोडण्याऐवजी चर काढून शेवगा, केळ व कढीपत्ता यांच्या बुडाशी नेता येते. शेवगा एकदा मूळ धरला की अवर्षणास दाद देत नाही. फक्त काळ्या जमिनीत पावसाचे पाणी बुंध्याशी साचू नये म्हणून तो, आणि त्याचप्रमाणे पपई, उंचवट्यावर लावावी. दुसरा आक्षेप भावाचा : भाजी विकली तर पैसा मिळतो. मिळतो खरा, परंतु त्या पैशातून पुन्हा ताजी भाजी घरी येते काय, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे. तिसरा आक्षेप असा की, बाजारात भाजी मिळतेच. मिळते, पण पालेभाजी तोडल्यापासून तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्व घटू लागते, आणि आठवड्याच्या बाजारातून आणलेली जुडी चौथ्या दिवशी ताजी राहत नाही.

आमची सूचना थोडक्यात येणेप्रमाणे आहे. प्रत्येक खातेदाराने विहिरीजवळ किंवा घराजवळ एक गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा, घरासाठी राखून ठेवावी व तीतील एक पानही विकू नये. पाच माणसांच्या कुटुंबास दरमाणशी शंभर ग्रॅम पालेभाजी म्हटली तर रोज अर्धा किलो लागते. एवढी या जागेत सुखाने निघेल, वर फळभाजीसही जागा उरेल. सारे वाफे एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने मेथी, पालक, शेपू टाकीत जावे. मेथी महिन्याभरात खुडण्यास येते, त्यामुळे माळ तुटत नाही. पावसाळ्यात तांदुळजा, अंबाडी, गवार आणि आपल्या विद्यापीठाने केवड्यास तोंड देण्यासाठी काढलेली ‘परभणी क्रांती’ भेंडी; कुंपणावर दोडका व कारले; हिवाळ्यात मुळा, गाजर, कांद्याची पात; कोपऱ्यात एक लिंबू, एक पेरू आणि एक शेवगा. उन्हाळ्यासाठी हरभऱ्याचा पाला व मेथी सावलीत वाळवून ठेवावी. वाळवण्यात ‘क’ जीवनसत्त्व जाते, परंतु लोह व कॅल्शियम राहतात. या गुंठ्यावर विषारी फवारणी करू नये.

पिकविलेले सत्त्व चुलीवर वाया जाऊ नये, यासाठीही थोडी दक्षता हवी. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, बेताची शिजवावी. हिरवा रंग राहावा म्हणून सोडा घालू नये. अंबाडीचा आंबटपणा घालविण्यासाठी तिचे पाणी काढावे लागते, परंतु इतर भाज्यांचे पाणी वरणात घालावे. करडीच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी असू द्यावी, कारण तेलावाचून कॅरोटीन नीट अंगी लागत नाही. लिंबू शेवटी, ताटात पिळावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. आपल्या घरांत पुरुष व पाहुणे आधी जेवतात, मुले नंतर, आणि घरधनीण सर्वांच्या मागून. भाजी थोडी असली की तिच्या वाट्यास भाकरी व ठेचा येतो. ज्या शरीरातून दरमहा रक्त जाते, जे नऊ महिने दुसरा जीव वाढविते, आणि जे शेतातील खुरपणी-वेचणीचा मोठा भार उचलते, त्याच्याच ताटात भाजी नसावी, हा न्याय नव्हे. एक गुंठा राखला तरी हा क्रम मोडला नाही तर रक्ताचे आकडे बदलणार नाहीत. म्हणून सर्वांनी एका पंक्तीस बसावे, किंवा निदान तिची वाटी आधी काढून ठेवावी.

कोणत्या वावरात काय पेरावे, हे बहुतेक घरी पुरुष ठरवितो. कापसास किती, सोयाबीनला किती, तुरीस किती, याचा हिशेब तो मृगापूर्वीच करतो. यंदा त्या हिशेबाची पहिली ओळ घरच्या गुंठ्याची असावी, एवढीच आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.