धुके, यंत्रे आणि संयम

जानेवारी २०२४ च्या मध्यास दिल्लीवर दाट धुके उतरले आणि शेकडो विमानांचे वेळापत्रक कोलमडले. उशीर होणार अशी घोषणा करणाऱ्या वैमानिकावर एका प्रवाशाने विमानातच हात उगारला. गोव्याहून दिल्लीस निघालेले एक विमान मुंबईस वळवावे लागले, तेव्हा संतप्त प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवले. या दृश्यांची चर्चा पुष्कळ झाली. पण धुक्यात विमान उतरते तरी कसे, हे कितीजणांनी जाणून घेतले? ते उमगले, तर आपला रोष योग्य ठिकाणी वळेल.

क्षितिज दिसेनासे झाले की मनुष्याची इंद्रिये त्याला फसवतात. सावकाश घेतलेले वळण अंतर्कर्णाला जाणवतच नाही. विमान कलंडत असताना आपण सरळ आहोत असे वाटते. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, यंत्रांच्या आधारे उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या वीस जणांची अशी परीक्षा घेण्यात आली. एकूण एकाचे नियंत्रण सुटले. सरासरी अवघ्या १७८ सेकंदांत! हा धोका नवशिक्यांपुरता नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ झालेल्या ज्या हेलिकॉप्टर अपघाताने जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जणांना आपल्यातून नेले, त्याच्या चौकशीतही हवामान अनपेक्षित पालटून ढगांत शिरावे लागल्याने वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असाच प्राथमिक निष्कर्ष निघाला.

यावर उपाय एकच : स्वतःच्या जाणिवेपेक्षा समोरच्या यंत्रांवर विश्वास ठेवण्याची शिस्त. १९२९ मध्ये जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून, केवळ यंत्रे पाहत विमान उडवून पुन्हा उतरवले आणि ही वाट खुली झाली. आज धावपट्टीजवळून निघणाऱ्या रेडिओलहरी विमानाला दिशा आणि सुमारे तीन अंशांचा उतार दाखवतात. दिल्लीत 'कॅट-३ बी' व्यवस्थेमुळे धावपट्टीवर केवळ ५० मीटरपर्यंतचे दिसत असतानाही स्वयंचलित पद्धतीने उतरता येते. गंमत अशी की, उड्डाणासाठी मात्र १२५ मीटर दृश्यमानता लागते. कारण धावपट्टीची मध्यरेषा तेव्हा वैमानिकाला स्वतःच्या डोळ्यांनीच पाहावी लागते. म्हणजे विमाने उतरत असतानाही आपले विमान जागचे हलत नाही, ते कोणाच्या आळसामुळे नव्हे.

परंतु या व्यवस्थेला तीन पाय आहेत. विमानतळ सज्ज हवा, विमान सज्ज हवे आणि वैमानिकही त्यासाठी प्रशिक्षित हवा. एक पाय लंगडा असला, तर उरलेले दोन निरुपयोगी. दिल्लीचे धुके ही अकस्मात कोसळणारी आपत्ती नाही. डिसेंबर-जानेवारीत ते दरवर्षी येते. तरीही जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला दोन विमान कंपन्यांना प्रत्येकी ३० लाख रुपये दंड करावा लागला. धुक्याच्या दिवसांत दिल्लीच्या फेऱ्यांवर प्रशिक्षित वैमानिक नेमले नाहीत, हा त्यांचा दोष होता. खर्च वाचवायचा कंपनीने आणि मनस्ताप सोसायचा प्रवाशाने, हा न्याय कोणता?

तेव्हा जाब विचारायचाच, तर नियोजनाचा विचारावा. तासन्‌तास माहिती न देता प्रवाशांना ताटकळत ठेवणाऱ्या व्यवस्थेला विचारावा. पण "आज उतरता येणार नाही" असे सांगून विमान माघारी वळवणाऱ्या वैमानिकाला नव्हे. त्या क्षणी त्याच्यावर प्रवाशांचा संताप, कंपनीचे वेळापत्रक आणि स्वतःचा अहंकार असा तिहेरी दाब असतो. तो झुगारून नियमाला चिकटून राहणे, हेही धैर्यच आहे.

हिवाळ्यात उत्तरेकडे निघताना आपण स्वेटर आठवणीने घेतो. सोबत थोडा संयमही घ्यावा. उशिरा पोहोचलेला माणूस घरच्यांना चालतो.