उरलेल्या गोळ्यांचे काय?

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडाव्यासारख्या गावात लोहगोळ्या आणि क्षारसंजीवनीच्या पुड्या आशा कार्यकर्तीच्या हातून थेट घरात पोहोचतात. परंतु ही औषधे घरात कशी ठेवावीत, कशी घ्यावीत आणि उरल्यास त्यांचे काय करावे, हे शिकविणे ही शासकीय यंत्रणेने आपली जबाबदारी मानलेली दिसत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर त्या ३० अंशांखाली ठेवाव्यात असे बारीक अक्षरांत छापलेले असते. परभणीत मे महिन्यात पारा ४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या घरातील फळीवर तर त्याहून अधिक ताप असतो. इन्सुलिन, म्हणजे मधुमेहींना टोचून घ्यावे लागणारे संप्रेरक, अशा उष्णतेत निकामी होते; बाटली मात्र जशीच्या तशी दिसते, आणि रुग्णाची साखर का वाढली हे घरात कोणालाच उमगत नाही. फ्रीज नसेल तर एकात एक ठेवलेल्या दोन मडक्यांमधील फटीत ओली वाळू भरून आतल्या कोरड्या मडक्यात ती बाटली ठेवता येते, एवढे तरी सांगितले गेलेच पाहिजे. गर्भवतीला मिळणारी तांबडी लोहगोळी रांगत्या मुलाला गोळी-बिस्किटासारखी वाटते. त्याने मूठभर गिळल्या तर जिवावर बेतते. प्रतिजैविके, म्हणजे जिवाणूंचा नाश करणारी औषधे, ओळखता यावीत म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये वेष्टनावरील लाल रेषेची मोहीम काढली, तरीही मागच्या तापातील उरलेली चार कॅप्सूल पुढच्या तापात शेजाऱ्याला दिली जातात आणि जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

मुदतबाह्य औषधांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा ठरविले. खेड्यात त्यांची वाट अद्याप उकिरड्याचीच आहे. केरळने २०२५ मध्ये कोझिकोड महापालिकेबरोबरच उळ्ळियेरी या ग्रामपंचायतीतही अशी औषधे गोळा करून शास्त्रीय पद्धतीने जाळण्याचा उपक्रम सुरू केला. तेव्हा हे शहरांपुरतेच शक्य आहे, ही सबब टिकत नाही. अंगणवाडीत दरमहा भरणाऱ्या ग्राम आरोग्य व पोषण दिनी घरातील औषधे तपासून द्यावीत, मुदतबाह्य औषधे टाकण्यासाठी कुलूपबंद पेटी गाव आरोग्य समितीच्या निधीतून घ्यावी, आणि पेटीतील औषधे जैववैद्यकीय कचरा केंद्रापर्यंत नेण्याचा खर्च जिल्हा परिषदेने उचलावा.