नाव कोणाचं मोठं?

हार्ड डिस्क भरली म्हणून शनिवारी सकाळी साफसफाईला बसलो, आणि नेहमीप्रमाणे गाण्यांच्या फोल्डरमध्येच अडकलो. बिली हॉलिडेचं फोल्डर, एला फिट्झजेराल्डचं फोल्डर, लेना हॉर्नची दोन-चार गाणी. गंमत म्हणून 'पियानो कोणाचा' या कॉलमवर सॉर्ट केलं (हो, मी तो कॉलम भरतो, हसू नका!) तर तिन्ही फोल्डरमधून एकच नाव वर आलं. टेडी विल्सन.

थोडी पार्श्वभूमी. २ जुलै १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉन हॅमंडने एक रेकॉर्डिंग जमवलं. पियानोवर २२ वर्षांचा विल्सन, क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, ट्रम्पेटवर रॉय एल्ड्रिज, सॅक्सोफोनवर बेन वेब्स्टर आणि गायला २० वर्षांची बिली. तबकडीवर मोठं नाव छापलं ते 'टेडी विल्सन अँड हिज ऑर्केस्ट्रा'. गायिकेचं नाव खाली, बारीक अक्षरात! कारण गाणं तीन मिनिटांचं, त्यात तिच्या वाट्याला बहुधा एकच आवर्तन. बाकीचा वेळ वादकांचा. पुढच्या वर्षी याच नावाखाली १८ वर्षांची एला गायली, १९४१ मध्ये लेना हॉर्न.

आज चित्र बरोब्बर उलटं आहे. २००१ साली बिलीच्या कोलंबिया काळातल्या रेकॉर्डिंग्जचा दहा सीडींचा संच निघाला. देखणा, मेहनतीने केलेला. पण त्यात विल्सनच्या नावावर निघालेल्या तबकड्याही अर्थातच बिलीच्या झाल्या. ज्याचा बँड होता, तो आता तिचा साथीदार!

यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. लोक आवाजासाठी येतात, मीही आवाजासाठीच आलो होतो. पण मला विचाराल तर अशी संकलनं गायिकेप्रमाणे न लावता पियानोवाल्याप्रमाणे लावून एकदा ऐकायलाच हवीत. मी दुपारभर तेच केलं. बिली ठेक्याच्या मागे रेंगाळते, तेव्हा विल्सनचा डावा हात ठेका सोडत नाही आणि उजवा तिच्या दोन ओळींमधली जागा भरतो. एला नेमकी ठेक्यावर गाते, तिथे तोच माणूस जरा मोकळा वाजवतो. गायिका बदलली की साथ किती बदलते आणि काय अजिबात बदलत नाही, हे गायिकेच्या फोल्डरमध्ये कधीच कळत नाही. आपल्या बैठकीत पेटीवाल्याचं असंच होतं. तो चुकला तरच लक्षात येतो.

आता कुणी म्हणेल, मग मुखपृष्ठावर पियानोवाल्याचं नाव मोठं टाका, झालं! तेवढ्याने भागत नाही. हर्बी हॅनकॉकचा २००५ चा 'पॉसिबिलिटीज' ऐका. नाव त्याचं, पाहुणे स्टिंग, पॉल सायमन, ख्रिस्तिना ॲग्विलेरा वगैरे. पण प्रत्येक गाणं त्या त्या पाहुण्याच्या घरचं वाटतं आणि यजमानच हरवतो. दोन वर्षांनी 'रिव्हर'मध्ये पाहुणे होतेच, पण गाणी मुख्यतः जोनी मिचेलची, वादकही बरेचसे तेच. तिथे पियानो धागा झाला. २००८ साली त्याला ग्रॅमीचा 'वर्षातला सर्वोत्तम अल्बम' हा मानही मिळाला. म्हणजे नाव कुठे छापलंय यापेक्षा, मांडणीतून काम ऐकू येतंय का, हे महत्त्वाचं.

असो. एवढं तत्त्वज्ञान झाडल्यावर एक कबुली. शुक्रवारी आमचं रिलीज गेलं, मेल मी लिहिली. ज्या मुलीने तीन रात्री जागून जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये बिनचूक बसवला, तिचं काम त्या मेलमध्ये 'आणि संपूर्ण टीम' एवढंच उरलं. काही चुकलं असतं तर नाव नक्की आलं असतं...

सोमवारी सकाळी पहिलं काम, दुसरी मेल. तिचं नाव, आणि तिने नेमकं काय केलं ते, दोन्ही.

हार्ड डिस्क अजून भरलेलीच आहे.