फुकटाचा दरवाजा आणि कापसाचा एकाधिकार



डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकचे झुकरबर्गसाहेब यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि साक्षीला उभा केला महाराष्ट्रातला एक शेतकरी. 'फ्री बेसिक्स'मुळे याला हवामान कळते, बाजारभाव कळतो, मग विरोध कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. शेतकऱ्याचे नाव पुढे करून आपला माल खपवण्याची ही काही पहिली वेळ नव्हे.

योजना अशी होती. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या गिऱ्हाईकाला ठरावीक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना पैसे. फुकटात कोणी बसायचे, त्याच्या अटी फेसबुकच्या. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, हे बंद केले. काय पाहता यावरून दर बदलायचा नाही. बदलला तर दिवसाला ५०,००० रुपये दंड. २०१८ साली कोणाचा वेग अडवू नये, हीही अट परवान्यात घालायचे ठरले.

सरकारने बाजारात हात घालू नये असे म्हणणाऱ्या आपल्याला हा नियम कशाला हवा? कापूस एकाधिकार आठवा. १९७२ पासून गिऱ्हाईक एकच. उमरग्यापलीकडे कर्नाटकात चढा भाव असला तरी गाडी नाक्यावर अडायची. तेव्हाही 'तुमच्याच भल्यासाठी' असेच सांगत. इथे नाका कंपनीचा, एवढाच फरक. शिवाय लहरी सरकारच्या, त्या घेणाऱ्या कंपन्या मूठभर. चार अडत्यांनी आपसात संपवलेल्या लिलावाला आपण खुला बाजार म्हणतो काय?

नियम गेला तर काय होईल? परंड्याच्या शेतकऱ्याने ज्वारी बार्शीला आज न्यावी की थांबावे, हे तो फोनवर पाहतो. उद्या बियाणे-औषधवाल्या कंपनीचे ॲप फुकट धावेल आणि भाव ती दाखवील तोच दिसेल. बाजार समितीचा भाव मात्र पैसे मोजूनही उघडायला वेळ लागेल. ई-पीक पाहणी फोनवर. सीसीआयला कापूस घालायचा तर २०२५ पासून नोंदणी 'कपास किसान' ॲपवर. जास्त पैसे भरील त्याची गाडी पुढे, असे ठरले तर या कामांची रांग कुठे लागेल?

अमेरिकेत २०१५ चे नियम २०१७ मध्ये काढले, २०२४ मध्ये परत आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने उडवले. आपल्याकडे टेलिफोन कंपन्या म्हणतात, जास्त डेटा वाहवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जाळ्याचा खर्च उचलावा. गूगल-फेसबुकच्या खिशातून जाते तर जाऊ दे, असे वाटेल. पण त्या पैशाचा मोबदला म्हणून पुढची जागा मागितली जाणारच.

आपला नियम संसदेचा कायदा नव्हे. तो ट्रायच्या विनियमात आणि परवान्याच्या अटींत आहे, बदलणे सोपे. बदलापूर्वी ट्राय हरकती मागवते. २०१५ साली दहा लाखांवर ईमेल गेले. त्यांत कोरडवाहूचे किती होते? पुढच्या वेळी कळंब, भूम, परंडा, उमरग्याच्या बैठकांतून गावागावाच्या सह्यांचे ठराव मुदतीच्या आत दिल्लीला गेले पाहिजेत.