भुताला दाराआड ठेवा

अल्पखर्ची भयपट निराशा करतात, तेव्हा दोष पैशाच्या टंचाईला दिला जातो. आम्हांस हे पटत नाही. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर' (१९८४) मध्ये राक्षस सरळ समोर येतो आणि मध्येच विनोदी उपकथानक सुरू होते. भीती तिथेच ओसरते. हॉलिवूडचा 'कॅट पीपल' (१९४२) हाही थोड्या खर्चाचाच. पण पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर हलणारी सावली आणि श्वापदाची गुरगुर, एवढ्यानेच अंगावर काटा येतो.

आमची आजी कंदिलाच्या उजेडात देवचाराची गोष्ट सांगे. खर्च घासलेटापुरता! देवचार तिने कधी दाखविला नाही, त्याच्या काठीचा आवाज तेवढा ऐकविला. विद्यार्थिमित्रहो, भयकथा लिहाल तेव्हा भुताला दाराआडच ठेवा. उरलेले काम वाचक करील.