काकांचा हात आणि गाडीचं स्टेअरिंग

दिवाळीनंतर गावी गेलो होतो. मोहोळजवळचं आमचं गाव. काका पहाटे कांदा घेऊन सोलापूरच्या मार्केट यार्डात निघाले, मीही पिकअपमध्ये शेजारी बसलो. गाडी पंधरा वर्षं जुनी. परतताना हौसेनं चालवायला मागून घेतली आणि पाच मिनिटांत घाम फुटला. हात फिरवला तरी गाडी क्षणभर सरळच जायची. बाजूनं कंटेनर गेला की आपल्या मनानं सरकायची.

"काका, स्टेअरिंग फार ढिलं झालंय हो."

"ढिलं कशाचं? मी रोज चालवतो की. तुझा हात बसला नाही अजून."

माझं म्हणणं असं, की स्टेअरिंगच्या बाबतीत रोज चालवणाऱ्याचं मत सगळ्यात शेवटी विचारावं. (काका, वाचताय ना? :-) ) झीज एका दिवसात होत नाही. हात नकळत थोडा थोडा जास्त फिरायला शिकतो, आणि माणसाला वाटतं गाडी ठीक आहे.

गॅरेजमध्ये नेली. मेस्त्रींनी टायरची हवासुद्धा न बघता स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. "झालं बघा!" हातात घट्ट लागलं खरं, पण वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ येईना. हे व्हायचंच. गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, म्हणून बॉक्समधले दाते मधल्या भागात जास्त झिजतात. मधला ढिलेपणा घालवायला आवळलं, की कडेला ते अडकतात. आणि मुळात दोष बॉक्समध्ये आहे हे ठरवलं कुणी?

दुसऱ्या दिवशी अंगणातच बघितलं. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. काकांना स्टेअरिंग थोडंसं डावं-उजवं हलवायला सांगितलं आणि बॅटरी घेऊन मी खाली. बॉक्सचा आर्म लगेच हलत होता, पुढचा दांडाही हलत होता, पण डावीकडच्या टाय रॉडच्या टोकाशी दांडा हलायचा आणि चाक मागाहून. तिथला रबरी बूट फाटलेला, ग्रीस गेलेलं, आत माती. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं, तर बेअरिंग ठीक. डावं-उजवं हलवलं, तर तोच खटका.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम सांगतो, की स्टेअरिंगचा ढिलेपणा ३० अंशांपेक्षा जास्त नको आणि सांध्यांवर रबरी टोपणं हवीत. ३० अंश म्हणजे घड्याळात एका तासाचं अंतर. मला तर भरल्या गाडीला हायवेवर तेवढंही फार वाटतं. आमचं चिकटपट्टी लावून मोजलं, तर ४० च्या वर भरलं! या अवस्थेत काका किती महिने अंधारात कांदा नेत होते कोण जाणे. काकूला हा आकडा सांगितलेला नाही. आता ती इथेच वाचेल.

टाय रॉडचं टोक बदललं, बॉक्सचा स्क्रू मागे घेतला, अलाइनमेंट करून घेतली. येताना काकांनीच चालवली. वेशीजवळच्या वळणावर स्टेअरिंग आपोआप सरळ आलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

"आता लईच चटकन वळतीय रे. सवय करावी लागंल."